सुक्याबरोबर ओलें

मनुष्यानें उभारलेल्या कोणत्याहि सोयीचा इतिहास पाहिला तर त्यांत बहुधा एकच क्रम दिसून येतो. ती सोय ज्यांच्यासाठीं निघाली त्यांच्या सचोटीवर ती प्रथम चालते. पुढें तिचा लौकिक वाढला कीं लबाडांचें तिकडे लक्ष जातें. मग लबाडांस आवरण्यासाठीं पहारे बसतात. आणि अखेरीस त्या पहाऱ्याचा जाच सरळ माणसांसच अधिक सोसावा लागतो. जकातनाक्यावर गाडी थांबलेल्या प्रत्येकास हा अनुभव आहे. ईमेल या नांवानें आज घरोघर पोंचलेल्या टपालाचा इतिहास हें याच क्रमाचें एक ठळक उदाहरण होय, आणि तें थोडें विस्तारानें वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

तक्रार सर्वांच्या परिचयाची आहे. मुलाखतीचें बोलावणें, प्रवेशाचा निकाल, वकिलाची सूचना, परदेशीं असलेल्या मुलाचा मजकूर, अशीं खरीखुरीं पत्रें पाठविणाऱ्याच्या हातून सुटतात, पण घेणाऱ्याच्या नजरेस पडत नाहींत. कधीं तीं ‘स्पॅम’ असें नांव दिलेल्या अडगळीच्या खणांत महिन्यानें सांपडतात, कधीं दारावरूनच परत जातात, आणि कधीं ना इकडे ना तिकडे, अशीं नाहींशींच होतात. डिसेंबर २००१ मध्यें हार्वर्ड विद्यापीठानें मुदतीपूर्वीं अर्ज केलेल्या विद्यार्थ्यांस प्रवेशाचे निर्णय ईमेलनें कळविले. त्यांतील पाऊणशें ते शंभर जणांचीं पत्रें अमेरिका ऑनलाइन या कंपनीच्या टपाल-यंत्रणेनें स्पॅम समजून नाकारलीं. ज्या उत्तरासाठीं त्या मुलांनीं वर्षभर वाट पाहिली तेंच उत्तर दारावर अडलें. अशा वेळीं ‘यंत्र चुकलें’ असें म्हणून आपण मोकळे होतों. परंतु यंत्रास जें पाहावयास सांगितलेलें असतें तेंच तें पाहतें. तेव्हां खरा प्रश्न असा कीं, त्यास काय पाहावयास सांगितलें, आणि तसें सांगण्याची पाळी कां आली?

या टपालाचा जन्म अमेरिकेच्या संरक्षण खात्यानें चालविलेल्या आर्पानेट नांवाच्या संगणकांच्या जाळ्यांत झाला. १९७१ सालीं रे टॉमलिन्सन यांनीं एका संगणकावरून दुसऱ्या संगणकाकडे पत्र धाडण्याची युक्ति योजिली, आणि पत्त्यांत माणसाचें नांव व यंत्राचें नांव यांच्यामध्यें तें आज सर्वत्र दिसणारें वेटोळ्याचें चिन्ह घातलें. त्या जाळ्यावर विद्यापीठांतील व संशोधनसंस्थांतील मोजकीच मंडळी होती. त्यांचीं नांवें छापील पुस्तिकेंत असत व बरेचसे एकमेकांस ओळखीत. अशा वस्तींत दारास कडी कोण लावणार? तरीहि तेथें एक दूरदृष्टीचा पुरुष होता. जोनाथन पोस्टेल यांनीं नोव्हेंबर १९७५ मध्येंच नकोशा टपालाच्या प्रश्नावर एक लहानसें टिपण प्रसिद्ध केलें, आणि नको त्या ठिकाणाहून येणारे संदेश निवडून नाकारण्याचें साधन घेणाऱ्या संगणकाजवळ नाहीं, ही उणीव दाखवून दिली. त्यानंतर अडीच वर्षांनीं, ३ मे १९७८ रोजीं, डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीचे गॅरी थर्क यांनीं आपल्या नव्या संगणकांच्या प्रदर्शनाचें निमंत्रण सुमारें चारशें लोकांस एकदम धाडलें. पत्ते इतके झाले कीं, नेमून दिलेल्या जागेंत न मावतां ते खालच्या मजकुरांत सांडले. अधिकाऱ्यांनीं कानउघाडणी केली, कांहींनीं राग व्यक्त केला, आणि प्रकरण मिटलें असें सर्वांस वाटलें.

ऑगस्ट १९८२ मध्यें याच पोस्टेल यांनीं टपालाच्या वाहतुकीचे नियम लिहून काढले. एसएमटीपी या नांवानें ते प्रसिद्ध आहेत, आणि आजच्या ईमेलची वाहतूक अद्यापि त्यांच्याच पायावर चालते. या नियमांतील दोन गोष्टी वाचकांनीं ध्यानांत ठेवाव्यात. पहिली ही कीं, पाठविणारा आपलें जें नांव सांगेल तें खरें मानावयाचें; पाकिटावर एक नांव व आंतील पत्रावर दुसरें असलें तरी नियमांस त्याचें वावडें नव्हतें. दुसरी ही कीं, घेणाऱ्या सर्व्हरनें एकदां ‘पावलें’ असें म्हटलें म्हणजे त्या पत्राची जबाबदारी त्याच्यावर आली. त्यानें तें पोंचवावें, नाहीं तर न पोंचल्याची वर्दी पाठविणाऱ्यास द्यावी. पहिल्या गोष्टींत विश्वास होता, दुसरींत वचन होतें. पुढील चाळीस वर्षांचा इतिहास म्हणजे तो विश्वास कसा उडाला आणि त्यापायीं तें वचन कसें मोडलें याची हकीकत होय.

विश्वास उडण्याचें मूळ पैशांत आहे. १८४० सालीं इंग्लंडांत रोलंड हिल यांच्या योजनेप्रमाणें एका पेनीचें टपाल सुरू झालें, आणि १८५४ सालीं आपल्याकडे अर्ध्या आण्यांत पत्र देशांत कोठेंहि जाऊं लागलें. या दोन्ही व्यवस्थांचा पाया असा कीं, हशील पाठविणाऱ्यानें आगाऊ भरावयाचें. ज्यानें तें भरलें नाहीं त्याचें पत्र नॉटपेड ठरे, व त्याचा भुर्दंड घेणाऱ्यावर पडे. म्हणून घरांत नॉटपेड पत्र आलें कीं वडील मंडळींच्या कपाळास आंठी पडे. ईमेलमधील प्रत्येक पत्र एका अर्थीं नॉटपेडच आहे. लाख पत्रें धाडण्याचा खर्च पाठविणाऱ्यास जवळजवळ कांहींच नाहीं; तीं साठविण्याचा, चाळण्याचा व वाचण्याचा सारा भार घेणाऱ्यावर. हें ओळखून सिंथिया ड्वर्क व मोनी नाओर या दोन विद्वानांनीं १९९२ सालीं अशी सूचना केली कीं, प्रत्येक पत्रामागें पाठविणाऱ्याच्या संगणकास थोडें गणित करावयास लावावें. एका पत्रास तें जाणवणार नाहीं, पण लाख पत्रांस तें जड जाईल. १९९७ सालीं अ‍ॅडम बॅक यांनीं हॅशकॅश या नांवानें तसें एक तिकीट तयारहि केलें. परंतु सामान्य टपालांत तें रूढ झालें नाहीं. तिकीट बसलें नाहीं, म्हणून पहारा बसला.

पहारा बसण्याचें निमित्त १९९४ च्या सुमारास घडलें. तत्पूर्वीं ‘स्पॅम’ या शब्दाविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. हें मूळ १९३७ सालीं बाजारांत आलेल्या डबाबंद डुकराच्या मांसाचें नांव. १९७० सालीं मॉन्टी पायथन या इंग्रज विनोदी मंडळीनें दूरचित्रवाणीवरील एका प्रवेशांत त्या शब्दाचा असा कांहीं घोष चालविला कीं, इतरांचें संभाषण त्यांत बुडून गेलें. त्यावरून दुसऱ्याचें बोलणें बुडविणाऱ्या पुनरावृत्तीस संगणकवाले स्पॅम म्हणूं लागले. १२ एप्रिल १९९४ रोजीं लॉरेन्स कँटर व मार्था सीगल या अ‍ॅरिझोनांतील वकील दांपत्यानें, अमेरिकेंत कायम राहण्याच्या परवान्याच्या सोडतीबद्दलची आपली जाहिरात यूझनेट नांवाच्या चर्चाव्यवस्थेंतील पांच हजारांहून अधिक गटांवर टाकली. लोक खवळले, पण फुकट जाहिरात करतां येते हें व्यापाऱ्यांस कळून चुकलें तें चुकलेंच. थोड्याच वर्षांत हाच उद्योग ईमेलमध्यें शिरला, आणि औषधें, कर्जें व सोडती यांच्या पत्रांनीं लोकांच्या पेट्या भरूं लागल्या.

पहिला पहारा बसला तो पत्त्यावर. इंटरनेटवरील प्रत्येक यंत्रास एक क्रमांक असतो. १९९७ सालीं कॅलिफोर्नियांत पॉल व्हिक्सी व त्यांचे सहकारी यांनीं मॅप्स नांवाच्या संस्थेमार्फत स्पॅम धाडणाऱ्या क्रमांकांची एक काळी यादी चालविली. १९९८ सालीं स्टीव्ह लिनफोर्ड यांनीं लंडनमध्यें स्पॅमहाऊस ही संस्था काढली. पत्र दाराशीं आलें कीं सर्व्हर यादीस विचारतो, हा क्रमांक तुझ्याजवळ आहे काय? ‘आहे’ असें उत्तर आलें कीं पत्र न उघडतांच दार बंद होतें. युक्ति सोपी, स्वस्त व परिणामकारक होती, आणि आजहि ती चालू आहे. परंतु क्रमांक हा माणसाचा नसून यंत्राचा असतो, आणि एका यंत्रावर अनेक बिऱ्हाडें राहतात. एकाच भाड्याच्या सर्व्हरवरून एखादी शाळा, एखादा दवाखाना व एखादा लबाड अशा तिघांचीं पत्रें निघतात. लबाडाच्या करणीनें क्रमांक काळा झाला कीं शाळेचीं व दवाखान्याचींहि पत्रें अडतात. चाळींतील एका बिऱ्हाडानें चोरी केली म्हणून साऱ्या चाळीचें टपाल बंद करावें, तशांतला हा प्रकार. नवें बिऱ्हाड आलें तरी जुन्या भाडेकरूची अपकीर्ति खोलीस चिकटून राहते. कांहीं यादीवाल्यांनीं तर दोषी क्रमांकाचे शेजारीहि मुद्दाम यादींत घातले. शेजाऱ्यांनीं ओरड केली म्हणजे घरमालक लबाडास बाहेर काढील, हा त्यांतील हिशेब.

हा हिशेब किती दूरवर जाऊं शकतो याचें उदाहरण अमेरिकेंतील व्हेरायझन या कंपनीनें घालून दिलें. डिसेंबर २००४ पासून तिच्या पहाऱ्यानें युरोपांतून येणारें पुष्कळसें टपाल अडविलें. गिऱ्हाइकांनीं दावा लावला, आणि २००६ सालीं तें प्रकरण तडजोडीनें मिटलें. येथें चाळ राहिली नाहीं, खंडच संशयित ठरला. बरें, यादी करणाऱ्यांस कोणी जाब विचारावा, तर त्या खासगी संस्था. त्यांची यादी मानावी कीं न मानावी हें प्रत्येक टपालवाल्याच्या मर्जीवर. स्पॅमहाऊसनें यादींत घातलेल्या ई-३६० नांवाच्या एका अमेरिकन जाहिरात-कंपनीनें तिच्यावर शिकागो येथें दावा केला. स्पॅमहाऊस बचावास उभी न राहिल्यामुळें न्यायालयानें २००६ सालीं एक कोटी सतरा लक्ष डॉलरांची भरपाई ठरविली. अपीलें होतां होतां २०११ सालीं ती अवघ्या तीन डॉलरांवर आली. यादींतील नांवामुळें नक्की किती नुकसान झालें हें न्यायालयापुढें सिद्ध करणें किती कठीण, हें त्यावरून दिसून येतें. जी कंपनी दावा लढवूं शकली तिची ही कथा. मग यादींत चुकून सांपडलेल्या एखाद्या लहान शाळेनें काय करावें?

दुसरा पहारा बसला तो शब्दांवर. अठराव्या शतकांत थॉमस बेझ नांवाच्या इंग्रज धर्मोपदेशकानें संभाव्यतेविषयीं एक सिद्धांत मांडला होता. तो त्याच्या मृत्यूनंतर १७६३ सालीं प्रसिद्ध झाला. त्याच्या आधारें, कोणते शब्द चांगल्या पत्रांत व कोणते स्पॅममध्यें अधिक येतात हें मोजून नव्या पत्राचा निर्णय करावा, अशी पद्धति १९९८ सालीं मेहरान सहामी व त्यांचे सहकारी यांनीं मांडली. ऑगस्ट २००२ मध्यें पॉल ग्रॅहम यांच्या एका निबंधानें ती लोकप्रिय झाली. या विद्वानांच्या बाजूनें एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. एखादें स्पॅम आंत आलें तर चालेल, पण खरें पत्र बाहेर राहतां कामा नये, ही जाणीव त्यांस पुरेपूर होती. सहामी मंडळीनें ९९.९ टक्के खात्री झाल्याखेरीज पत्र टाकाऊ ठरवूं नये अशी मर्यादा घातली. ग्रॅहम यांनीं चांगल्या पत्रांत आढळणाऱ्या शब्दांची मोजणी मुद्दाम दुप्पट धरली. चाळणी करणाऱ्यांचें शहाणपण चाळणी वापरणाऱ्यांत सर्वत्र उतरलें असतें, तर हा लेख लिहिण्याचें कारण पडलें नसतें.

परंतु शब्दावरून न्याय करण्यांत एक मूळचाच दोष आहे. शब्दास हेतु नसतो. १९९६ सालीं इंग्लंडांतील स्कन्थॉर्प गांवच्या रहिवाशांस अमेरिका ऑनलाइनचें खातें उघडतां येईना, कारण गांवाच्या नांवाच्या पोटांत एक अश्लील इंग्रजी शब्द अक्षरशः दडलेला होता. तें प्रकरण टपालाचें नव्हतें, पण टपालाच्या चाळण्यांतहि तोच दोष आला. ‘स्पेशालिस्ट’ हा शब्द रोमन लिपींत लिहिला तर त्याच्या मध्यभागीं ‘सिआलिस’ या बहुचर्चित औषधाचें नांव जसेंच्या तसें बसलेलें असतें. मग तज्ज्ञ डॉक्टराकडे जाण्याविषयींचें पत्र औषधविक्याच्या पत्रासारखें दिसलें तर नवल काय? २००१ सालीं निघालेल्या स्पॅमअसॅसिन या चाळणीनें शब्दांबरोबर इतर शेंकडों लक्षणांस गुण देण्याची पद्धति चालविली. गुणांची बेरीज पांचांवर गेली कीं पत्र सामान्यतः स्पॅम ठरे. स्पॅमवाले आपलें पत्र पेटींत सर्वांत वर राहावें म्हणून त्यावर पुढच्या काळाची तारीख घालीत. म्हणून २०१० व त्यापुढील सालांची तारीख असलेल्या पत्रास संशयाचे गुण द्यावे, असा एक नियम तींत होता. तो लिहिला गेला तेव्हां २०१० साल दूर होतें. १ जानेवारी २०१० उजाडला, आणि खरी तारीख घातलेलें जगांतील प्रत्येक पत्र या नियमाच्या दृष्टीनें संशयित झालें. पांचांपैकीं तीनांहून अधिक गुण त्यास निव्वळ तारखेपायीं मिळूं लागले. दोष आधींच्या वर्षींच कोणाच्या तरी लक्षांत आला होता, व पुढील आवृत्तीसाठीं त्याची दुरुस्तीहि झाली होती. चालू आवृत्तींत मात्र ती पोंचली नव्हती. नव्या वर्षाच्या शुभेच्छा खरी तारीख सांगितल्यामुळें गुन्हेगार ठरल्या.

मराठी लिहिणाऱ्यांचाहि या प्रकरणाशीं प्रत्यक्ष संबंध येतो. १९८२ चे नियम केवळ रोमन अक्षरांच्या मजकुरासाठीं होते. १९९२ सालीं माइम नांवाची योजना निघाली, आणि पुढें देवनागरी मजकूर बेस-६४ या वेष्टनांत गुंडाळून रोमन चिन्हांच्या रूपानें धाडण्याची सोय झाली. तेंच वेष्टन स्पॅमवाले आपले शब्द चाळणीपासून लपविण्यासाठीं वापरूं लागले. म्हणून कांहीं चाळण्यांनीं त्या वेष्टनासच संशयाचे गुण दिले. पुण्याहून परदेशीं निघालेल्या मराठी पत्रास जें वेष्टन लिपीमुळें घ्यावें लागे, तेंच लबाडानें कपटानें घेतलेलें असे, आणि पहारेकऱ्यास दोघांचीं वस्त्रें सारखींच दिसत. शिवाय ज्या चाळणीनें जन्मभर इंग्रजीच पत्रें पाहिलीं, तिला मराठी शब्दांच्या चांगुलपणाची ओळख कोठून असणार?

तिसरा पहारा बसला तो शिक्क्यावर, आणि हा तत्त्वतः सर्वांत न्याय्य म्हटला पाहिजे. आपल्या जुन्या राजपत्रांत आरंभीं शिक्का व अखेरीस मोर्तब करीत. पत्र कोणाचें हें शिक्क्यानें कळे, आणि मोर्तबाखालीं मागाहून कोणास एक ओळहि वाढवितां येत नसे. ईमेलच्या मूळ नियमांत या दोहोंपैकीं कांहींच नव्हतें. ती उणीव एकविसाव्या शतकांत भरून निघाली. अमुक संस्थेचीं पत्रें अमुक क्रमांकांवरूनच निघतील असें जाहीर करण्याची एसपीएफ ही पद्धति २००३ च्या सुमारास मांडली गेली व २००६ सालीं नियमबद्ध झाली. पत्रावर गणिती मोर्तब करण्याची डीकिम ही पद्धति २००७ सालीं आली. आणि या दोन्ही कसोट्यांस पत्र उतरलें नाहीं तर त्याचें काय करावें हें संस्थेनें स्वतःच सांगावें, अशी डीमार्क ही पद्धति २०१२ सालीं जाहीर झाली. लबाडास दुसऱ्याचें नांव घेणें यामुळें खरोखरच कठीण झालें.

तथापि येथेंहि सुक्याबरोबर ओलें जळालेंच. एखाद्यानें आपल्या जुन्या पत्त्यावर येणारें टपाल नव्या पत्त्यावर वळवून घेतलें, तर तें मधल्या यंत्राच्या क्रमांकावरून पोंचतें. पहिल्या कसोटींत तें खोटें ठरतें. पत्रमंडळाच्या मार्फत शेंकडों सभासदांस जाणाऱ्या पत्राखालीं मंडळाचा पत्ता वगैरे एखादी ओळ जोडण्याची रीति जुनी. ती ओळ मोर्तबाखालीं पडली कीं गणित चुकतें व मोर्तब फुटतें. एप्रिल २०१४ मध्यें याहू या कंपनीनें, आपल्या नांवाचें जें पत्र कसोटीस उतरणार नाहीं तें सर्रास नाकारावें, असें जाहीर केलें. त्याच महिन्यांत अमेरिका ऑनलाइननेंहि तेंच केलें. हेतु चांगला होता. त्यांच्या गिऱ्हाइकांच्या नांवानें खोटीं पत्रें फिरत होतीं. परंतु वर्षानुवर्षें चाललेल्या पत्रमंडळांत एका याहूवाल्या सभासदानें पत्र लिहिलें कीं तें इतर कंपन्यांच्या दारांवरून परत येऊं लागलें. आणि पत्रें वारंवार परत येतात असें पाहून मंडळाच्या यंत्रानें कांहीं ठिकाणीं ज्यांनीं कांहींच केलें नव्हतें अशा सभासदांचीं नांवें कमी करून टाकलीं. लिहिणारा एक, नाकारणारा दुसरा, आणि मंडळाबाहेर पडला तिसराच!

चौथा पहारा लौकिकाचा. पूर्वीं कोणीं काय पाठविलें, तें किती जणांनीं उघडलें, किती जणांनीं कचरा म्हणून टाकलें, याची नोंद मोठ्या टपाल-कंपन्या ठेवतात व तीवरून पुढच्या पत्राचें भवितव्य ठरवितात. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल व याहू यांनीं हा व्यवहार उघड नियमांत आणला. गूगलकडे दिवसाकांठीं पांच हजार किंवा त्याहून अधिक पत्रें धाडणाऱ्यानें वर सांगितलेल्या तिन्ही शिक्क्यांची तजवीज करावी, वर्गणीदारास एका कळीसरशी नांव काढून घेतां यावें, आणि स्पॅम म्हणून होणाऱ्या तक्रारींचें प्रमाण दर हजारीं तीनांच्या खालीं राहावें. नियम रास्त आहेत. परंतु ज्याच्याजवळ पूर्वेतिहासच नाहीं त्याचें काय? नव्यानें पत्ता घेतलेली एखादी ग्रंथालय-संस्था वार्षिक सभेची सूचना सहाशें सभासदांस एका सकाळीं धाडते. नवा पत्ता, सारखाच मजकूर, एकदम शेंकडों पत्रें. पहारेकऱ्याच्या पुस्तकांत लबाडाचीं लक्षणें हींच लिहिलेलीं आहेत. आणि या न्यायसभेंत आपणहि पंच म्हणून बसलेले असतों. स्वतःच मागविलेलें मासिक पत्र कंटाळा आला म्हणून वर्गणी बंद न करतां ‘स्पॅम’ या कळीखालीं ढकलणारा वाचक, आपल्या नकळत, त्याच पत्राची वाट पाहणाऱ्या दुसऱ्या वाचकाचें दार बंद करण्यास हातभार लावीत असतो.

आतां या चारी पहाऱ्यांकडे एकत्र पाहावें. पहिला शेजार पाहतो, दुसरा वस्त्र पाहतो, तिसरा शिक्का पाहतो, चौथा लौकिक पाहतो. पत्र खरें कीं खोटें हें यांपैकीं कोणासहि ठाऊक नसतें, व तें ठाऊक असणें शक्यहि नाहीं. कारण तें लिहिणाऱ्याच्या हेतूवर व वाचणाऱ्याच्या गरजेवर अवलंबून असतें. सारे पहारे पत्राची संगत पाहून पत्राचा न्याय करितात. यास दुसरा उपायहि नव्हता, हें कबूल केलें पाहिजे. ११ नोव्हेंबर २००८ रोजीं कॅलिफोर्नियांतील मॅकोलो या एका कंपनीची इंटरनेटशीं असलेली जोडणी तोडतांच जगांतील स्पॅमचा ओघ एका दिवसांत निम्म्याहून खालीं आला. एका घरांतून केवढी घाण वाहत होती हें त्यावरून कळेल. बिल गेट्स यांनीं जानेवारी २००४ मध्यें दोन वर्षांत स्पॅमचा प्रश्न सुटेल असें भाकीत केलें होतें. तें खरें ठरलें नाहीं. पहारे नसते तर या टपालाचा वापरच अशक्य झाला असता. म्हणून पहारेकऱ्यांच्या चुका ही आमची मुख्य तक्रार नव्हे. जो संगतीवरून न्याय करील तो अधूनमधून चुकणारच.

आमची तक्रार मौनाविषयीं आहे. १९८२ चें वचन असें होतें कीं, पोंचवावें, नाहीं तर कळवावें. पुढें लबाड दुसऱ्यांचीं नांवें घालूं लागले, तेव्हां ‘पत्र पोंचलें नाहीं’ अशा वर्द्या ज्यांनीं तें लिहिलेंच नव्हतें अशा निरपराध्यांवर कोसळूं लागल्या. म्हणून टपालवाल्यांनीं वर्दी देणें सोडून पत्र गुपचूप टाकून देण्याचा मार्ग धरला. ऑक्टोबर २००८ मध्यें टपालाचे नियम सुधारून पुन्हां प्रसिद्ध झाले, तेव्हां त्यांतहि ही अडचण मान्य करावी लागली. मात्र पत्र घातकी असल्याची अत्यंत खात्री असेल तेव्हांच तें न कळवितां टाकावें, अशी ताकीद सोबत होती. ही ताकीद विसरल्याचें फळ फ्लॉरिडा राज्यांतील एका खटल्यांत दिसून आलें. न्यायालयाचा हुकूम वकिलांच्या कचेरीस ईमेलनें गेला. कचेरीची चाळणी स्पॅम वाटेल तें कोणास न कळवितां नष्ट करावें अशी बसविलेली होती. अपिलाची मुदत निघून गेली. जाणत्यानें त्या मांडणीविरुद्ध आधीं सल्ला दिला होता, तो कचेरीनें मानला नव्हता. २०१७ सालीं अपील न्यायालयानें कचेरीस सवलत नाकारली. तात्पर्य, पहारा आपण बसविला असेल तर त्याच्या मौनाचा दंडहि आपणच भरावयाचा, असा न्याय तेथें झाला. पक्षकारानें मात्र यांत काय पाप केलें होतें?

दारावरून स्पष्ट नकार मिळाला तर पाठविणारा दुसरी वाट काढतो. तो दूरध्वनि करितो, कागदी पत्र लिहितो, ओळखीच्या हातीं निरोप धाडतो. अडगळीच्या खणांत पडलेलें पत्रहि शोधणाऱ्यास सांपडतें. परंतु जें पत्र न कळवितां नाहींसें होतें त्याबद्दल दोन माणसें परस्परांविषयीं गैरसमज करून घेतात. एकास वाटतें, उत्तर देण्याचें सौजन्य दाखविलें नाहीं. दुसऱ्यास वाटतें, आठवण ठेविली नाहीं. हार्वर्डच्या मुलांस निकाल अन्य मार्गानें मिळूं शकत होता. पण ज्या उमेदवारास मुलाखतीचें बोलावणें आलें होतें हेंच कधीं कळलें नाहीं, तो कोणत्या मार्गानें दाद मागणार?

म्हणून टपालवाल्यांकडून आमची मागणी मोठी नाहीं. संशय असेल तर पत्र दारांतच, ‘पावलें’ असें म्हणण्यापूर्वीं, कारण सांगून नाकारावें. म्हणजे वर्दी प्रत्यक्ष पाठविणाऱ्या यंत्राकडेच जाते व निरपराध्यांस त्रास होत नाहीं. आंत घेतलें तर निदान घेणाऱ्यास दिसेल अशा खणांत ठेवावें. आणि नांव काळ्या यादींत गेलेल्यास दाद मागण्याची वाट असावी. कांहीं याद्यांनीं व कंपन्यांनीं अशा वाटा ठेविल्या आहेत. सर्वांनीं त्या ठेवाव्यात. वाचकांकडूनहि थोडी अपेक्षा आहे. महत्त्वाच्या पत्राची वाट पाहत असतां तो अडगळीचा खण उघडून पाहावा. तेथें खरें पत्र सांपडलें तर तें स्पॅम नव्हे अशी खूण करावी, म्हणजे पुढच्या पत्राची वाट मोकळी होते. मागविलेलें पत्र नकोसें झालें तर रीतसर वर्गणी बंद करावी. आणि उत्तर आलें नाहीं म्हणून मनांत अढी धरण्यापूर्वीं एकदां तोंडानें विचारावें. पहारा असावा, परंतु कोणास परत लावलें हें पहारेकऱ्यानें दाराबाहेर उभ्या असलेल्यास सांगावें, एवढीच अपेक्षा १९८२ च्या त्या साध्या नियमांत होती, आणि ती आजहि रास्तच आहे.